डिझेलचा काटा चुकतोय? पाना उचलण्याआधी काठी उचला

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २४ व्होल्टची, सेकंडहँड घेतलेली बारा टायर गाडी. आधीच्या मालकाने कंपनीची टाकी काढून साधारण ४०० लिटरची मोठी टाकी लावलेली. टाकी काठोकाठ भरली तरी काटा पाऊणच्या पुढे जात नव्हता. घाट चढताना तो मध्येच लाल पट्टीवर पडायचा आणि सपाटीला आलं की परत उठायचा. शून्यावर आला की टाकीत चाळीसेक लिटर उरायचं, ते धरूनच तुम्ही चालत होतात. मग गॅरेजमध्ये टँक युनिट, म्हणजे टाकीतली पातळी मोजणारा भाग, नवीन टाकला. आता फुलला काटा फुल दाखवतो, पण शंभरेक लिटर शिल्लक असतानाच शून्यावर टेकतो. घाटातलं पडणं आहे तसंच आहे. वर रात्री उभी केलेली गाडी सकाळी काटा जरा खाली दाखवते, त्यामुळे ड्रायव्हरवर संशय. तुम्ही विचारलंय, मीटर बदलू, वायरिंग बदलू की ड्रायव्हर बदलू?

तूर्त तिन्ही राहू द्या. माझा अंदाज असा की जुनं युनिट बरं होतं, बिघाड अर्थिंगमध्ये (चेसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी) आणि कप्लरमध्ये (वायर जोडायचा प्लग) होता, आणि नवीन युनिट तुमच्या टाकीला आखूड पडतंय. म्हणजे एका बिघाडावर दुसरा चढलाय. हा अंदाज कुठून आला ते सांगतो, कारण तीच रीत वापरून तुम्हाला खात्री करून घ्यायची आहे.

डॅशबोर्डवरच्या मीटरला लिटर कळत नाहीत. टाकीत फ्लोट तरंगतो, त्याची दांडी एका रेझिस्टन्सच्या (विजेला अडथळा करणाऱ्या) पट्टीवर सरकते आणि वरच्या मीटरला फक्त ओहम, म्हणजे त्या अडथळ्याचं माप, कळतं. काही जड गाड्यांत दांडीऐवजी उभी नळी असते. फ्लोटमध्ये चुंबक असतं आणि तो वरखाली होताना नळीतले रीड स्विच (चुंबकाने लागणारे बारीक स्विच) ओळीने लागत-सुटत जातात. दोन्हींत शेवटी ओहमच बदलतात. बाजारात दोन तऱ्हा मुख्य. एकीत रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरल्यावर १८०. दुसरी बरोबर उलटी, रिकाम्याला २४० आणि भरल्यावर ३३. याशिवायही आकडे असतात, कंपनी कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या गाडीचा आकडा त्या मॉडेलच्या वायरिंगच्या पुस्तकातच बघा. पण दिशा कळली तरी निम्मं काम होतं.

आता तुमच्या काट्याकडे बघा. अर्थिंग खराब झालं, जोड गंजला, वायर निम्मी तुटली, काहीही झालं तरी रेझिस्टन्स वाढतोच, कमी कधी होत नाही. दहा-एकशेऐंशीच्या तऱ्हेत असा जादा रेझिस्टन्स आला तर काटा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि वायर पूर्ण तुटली तर फुलच्या पलीकडे जाऊन बसतो. ते जास्त वाईट, कारण ड्रायव्हर निवांत असतो आणि गाडी बंद पडते. दोनशेचाळीस-तेहेतीसच्या तऱ्हेत उलट होतं : काटा कमी दाखवतो आणि वायर तुटली की शून्यावर पडतो. तुमचा काटा फुलला पाऊण दाखवायचा आणि हादऱ्यात शून्यावर पडायचा, म्हणजे तुमची गाडी या दुसऱ्या तऱ्हेची. या तऱ्हेत भरल्या टाकीच्या ३३ मध्ये खराब अर्थिंगचे तीसेक ओहम मिळवले की ६०-६५ होतात आणि काटा साधारण पाऊणवर थांबतो. तुमचं जुनं लक्षण तंतोतंत हेच.

खात्री एका मिनिटात होते. किल्ली ऑन करा आणि टाकीवरचा कप्लर काढा. काटा शून्याकडे गेला तर माझं म्हणणं बरोबर, फुलकडे गेला तर तऱ्हा पहिली आणि वरचा सगळा हिशेब उलटा वाचायचा. कप्लर काढल्यावर ती वायर स्क्रूड्रायव्हरने चेसिसला टेकवून काटा उलट्या टोकाला जातो का बघायची जुनी सवय आपल्याकडे आहे. जुन्या काट्याच्या मीटरवर क्षणभर केलं तर चालून जातं. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीवर मात्र करू नका. तिथे ती वायर क्लस्टरच्या (डॅशबोर्डवरचा इलेक्ट्रॉनिक मीटरसंच) किंवा बॉडी कंट्रोलरच्या (गाडीची वीज सांभाळणारा कंप्युटर) सर्किटमध्ये जाते. नीट सुरक्षित सर्किट असलं तर काही होत नाही, नसलं तर टँक युनिटच्या जागी क्लस्टरचं बिल येतं. आणि त्या वायरला बॅटरीचे २४ व्होल्ट तर कुठल्याच गाडीत लावायचे नाहीत, पट्टी जागेवर जळते.

पण या सगळ्याच्या आधी काठी. टाकीत खरंच किती डिझेल आहे हे माहीत नसताना काटा चुकतो की बरोबर दाखवतो ते ठरवणार कशावर? हायवेवरचे जुने ड्रायव्हर टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करत खाली येतात, आवाज जिथे भरीव होतो तिथे डिझेल. अंदाजाला ते चांगलं, भांडण मिटवायला उपयोगी नाही. अॅल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या किंवा घोटून साफ केलेली बांबूची काठी. तांब्याची किंवा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपची नको. बुडवून लगेच काढली तर काही होत नाही, पण अशा काठ्या टाकीतच सोडून दिल्या जातात आणि तांबं, जस्त डिझेलला खराब करतं. भरायच्या तोंडाला चोरीविरोधी जाळी असेल तर काठी तळाला पोचत नाही, मग युनिटच्या भोकातून माप घ्यावं लागेल. सपाट जागेवर गाडी लावा. पंपाची फरशी बहुतेक ठिकाणी पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. टाकी शक्य तेवढी खाली आणा, मग पन्नास-पन्नास लिटर भरत जा, फेस बसू द्या, काठी बुडवा, खूण करा. ४०० लिटरला आठ खुणा होतात. हे काम गर्दीच्या वेळी पंपवाला करू देणार नाही, रात्री उशिरा जा. पंपाच्याच मापाबद्दल शंका असेल तर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, ते मागून भरून बघा. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य धरतात, तूट त्याहून जास्त आली तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

टाकी गोल असेल तर खुणा सारख्या अंतरावर येणार नाहीत आणि तेच बरोबर आहे. आडव्या गोल टाकीत डिझेल पाव उंचीला आलं की आत पाव टाकी नसते, २० टक्क्यांहून जरा कमीच असते. ४०० च्या टाकीत ७८ लिटर. दहाव्या हिश्श्याच्या उंचीला जेमतेम २१ लिटर. म्हणून गोल टाकीच्या गाडीत काटा मध्ये हळू सरकतो आणि खाली आला की भराभर पडतो. "अर्ध्यापर्यंत अॅव्हरेज चांगलं देते, मग गाडी डिझेल प्यायला लागते" ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. गाडी आधी पीत होती तेवढंच पीत असते.

आता अर्थिंग. बहुतेक जुन्या गाड्यांत युनिटचा अर्थ त्याच्या फ्लँजमधून (वरची स्क्रूने बसणारी चकती) टाकीच्या पत्र्याला, पत्र्यातून पट्ट्यांना आणि पट्ट्यांतून चेसिसला जातो. टाकी बसते रबरावर, पट्ट्यांना रंग, चेसिसला रंग, फ्लँजखाली पॅकिंग. अर्थ जातो तो फक्त चार-पाच स्क्रूंच्या आट्यांतून, आणि त्या आट्यांत चिखल आणि गंज. तुमच्या गाडीत तर टाकी बाहेरून आणून बसवलेली, म्हणजे वेल्डरने नवीन रंग मारून दिलेली असणार. प्लास्टिकची टाकी असेल तर वेगळी अर्थ वायर असलीच पाहिजे, आणि टाकी बदलताना ती कापून सोडून दिलेली मी पाहिली आहे.

तपासायचं असं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, बॅटरी लांब असेल तर वायर जोडून लांबवा. लाल पिन युनिटच्या फ्लँजवर, रंग खरवडून उघड्या धातूवर. किल्ली ऑन, हेडलाइट, पार्किंग, इंडिकेटर सगळं लावा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला, किंवा इंडिकेटर उघडझाप करेल तसा आकडा नाचला, तर अर्थ गेलेला आहे. मल्टिमीटर नसेल तर त्याहून सोपं : रात्री काटा बघत हेडलाइट लावा. लाइट लागल्यावर काटा हलला तर डिझेल हललेलं नसतं. मग एक जाड वायर घ्या, एक टोक फ्लँजवर, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर दाबून धरा. काटा जागेवर आला की शोध संपला. फ्लँजच्या स्क्रूखाली लग (वायरच्या टोकाची कडी) लावून २.५ चौरस मिलिमीटरची वायर चेसिसच्या साफ केलेल्या बोल्टवर न्या, वर ग्रीस लावा. एवढ्याने सुटणाऱ्या तक्रारी मी इतक्या पाहिल्या आहेत की अर्थ न तपासता युनिट बदलणाऱ्या कारागिराला मी युनिटचे पैसे देणार नाही.

तुमच्याकडे युनिट बदलल्यावर फुलची खूण सुधारली, ती नवीन युनिटमुळे सुधारली असं मला वाटत नाही. नवीन बसवताना स्क्रू साफ झाले, आटे घासले गेले, अर्थ लागला. म्हणून म्हणतो, जुनं युनिट फेकलं नसेल तर गॅरेजमधून परत मागा. ते मोजून बघितल्याशिवाय भंगारात जाऊ देऊ नका.

घाटातल्या पडण्याचं बघू. चढावर डिझेल मागे सरकतं आणि युनिट टाकीच्या टोकाला असेल तर काटा बदलतोच, हे खरं. पण किती? तुमची टाकी सव्वा मीटर लांब आणि युनिट मध्यापासून ४० सेंटिमीटर बाजूला धरू. खंबाटकीसारख्या घाटात पंधराला एक असा चढ धरला तरी युनिटखालची पातळी पावणेतीन सेंटिमीटरनेच बदलते. ६० सेंटिमीटर खोल टाकीत हा फरक वीस लिटरच्या आतबाहेरचा, म्हणजे काटा स्वतःच्या जाडीच्या दीड-दोनपट हलेल. अर्ध्यावरून लाल पट्टीवर कोसळणार नाही. डिझेल डचमळतं म्हणावं तर तेही काटा पाडून तिथेच धरून ठेवत नाही. कोसळतो आणि परत उठतो त्याचा अर्थ वायर तुटते-जुळते आहे. चढावर इंजिन लोडवर असतं, खालच्या गिअरमध्ये केबिन आणि चेसिस जास्त थरथरते, आणि सैल पिन सुटते.

गाडी जागेवर उभी करून एकाला केबिनमध्ये बसवा, काट्यावर नजर ठेवायला सांगा. आजच्या गाड्यांत काटा मुद्दाम मंद केलेला असतो, त्यामुळे घाई करायची नाही. वायर हलवून धरली की दहा-पंधरा सेकंद थांबायचं. टाकीवरच्या कप्लरपासून सुरुवात करा. पिनांवर हिरवट चढलंय का, प्रेशर वॉशिंगचं पाणी आत गेलंय का, मादी पिनेचं तोंड फाकलंय का बघा. पिनेजवळ एकेका वायरला हलका झटका द्या. वरून अखंड दिसणारी वायर आवरणाच्या आत तुटलेली असते, ओढली की आवरण रबरासारखं लांबतं. मग चेसिसच्या कडेने पुढे या : क्रॉस मेंबरच्या भोकातून वायर जाते तिथे, क्लिपा तुटून ती लोंबकळते तिथे, केबिन उचलताना वाकते तिथे. तुटलेली वायर सापडली की पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करा किंवा नीट क्रिम्प करा आणि हीट श्रिंक चढवा. टाकीच्या आसपास तर नक्कीच.

यानंतर युनिट काढायची वेळ. इथे दोन गोष्टी गंभीरपणे घ्या. डिझेल पेट्रोलसारखं पटकन पेटत नाही म्हणून लोक टाकीच्या तोंडाशी बिडी ओढतात. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३५ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भात नुसत्या उन्हात उभ्या टाकीचं तापमान त्याच्या वर असतं, शिवाय इंजिनकडून परत येणारं डिझेल गरमच असतं. बॅटरी तोडा, आत बघायला एलईडी टॉर्च वापरा, वायर लोंबणारा हँडलॅम्प नको. आणि टाकीवर कसलंही वेल्डिंग निघालं तर रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते. ती धुवून, वाफवून देणाऱ्याकडेच द्या. दुसरी गोष्ट, स्क्रू सोडण्याआधी फ्लँजभोवतीची माती ब्रशने आणि हवेने काढा. तिथली चमचाभर माती आत गेली तर ती फिल्टरला जाते, आणि कॉमन रेल गाडीत (जास्त दाबाने डिझेल फवारणारी नवी पद्धत) फिल्टर चुकवून पुढे गेलेला कण इंजेक्टरला महागात पडतो.

युनिट बाहेर आलं की फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डिझेल गेलं असेल तर खळखळ ऐकू येते. पितळी फ्लोटला डोळ्यांना न दिसणारं भोक असतं. तो गरम पाण्यात दाबून धरा, भोकातून बारीक बुडबुडे येतात. असा फ्लोट बुडतो आणि काटा कायम शून्यावर राहतो. काळ्या फोमचा फ्लोट बरीच वर्षं डिझेलमध्ये राहून जड होतो, तो बुडत नाही पण खोल तरंगतो, मग काटा सगळीकडे थोडा-थोडा कमी दाखवतो. मग मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी अगदी हळू वर-खाली करा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच उडी मारून परत येतो तिथे पट्टी झिजली आहे. ही जागा बहुधा पाव ते अर्ध्याच्या दरम्यान असते, कारण बहुतेक गाड्या आयुष्यभर तिथेच चालतात. नळीचं युनिट असेल तर फ्लोट सरकवून बघा : टाकी आतून गंजलेली असेल तर लोखंडाची काळी पूड चुंबकाला मिशीसारखी चिकटते आणि फ्लोट अडकतो. तो पुसून परत बसवला तर काही दिवस चालेल, टाकीतला गंज आणि खालचं पाणी काढल्याशिवाय टिकणार नाही.

आता तुमची खरी अडचण, आखूड युनिट. हे दुकानात फारसं कुणी विचारत नाही. एकाच मॉडेलला तीन-चार मापांच्या टाक्या येतात, प्रत्येक टाकीचं युनिट वेगळं, फ्लँजची भोकं मात्र सारखी. दुकानदार गाडीचं नाव विचारतो, टाकीची खोली विचारत नाही. युनिट बसतं, पॅकिंग बसतं, फुलला फुल दाखवतं, गिऱ्हाईक खूश. तुमची टाकी चौकोनी आणि ६० सेंटिमीटर खोल धरली तर शून्याला उरलेले १०० लिटर म्हणजे तळापासून १५ सेंटिमीटर. गोल टाकी धरली तर १८. तेवढ्या उंचीवर तुमच्या युनिटचा फ्लोट खाली जायचा थांबतो. युनिट बहुधा पंचेचाळीस सेंटिमीटरच्या टाकीचं, म्हणजे त्या मॉडेलच्या मूळ टाकीचं आहे. दुकानदाराने दिलं ते गाडीच्या नावाप्रमाणे बरोबरच दिलं.

दांडीच्या युनिटचं माप काढायची सोपी रीत आहे. दांडी जिच्याभोवती फिरते ती खीळ टाकीच्या निम्म्या खोलीवर आली पाहिजे, आणि दांडीची लांबी खोलीच्या सात दशांश. ६० सेंटिमीटरला खीळ ३० वर, दांडी ४२ ची. वर आणि तळाला एक-दोन सेंटिमीटर मोकळं सोडायचं, म्हणजे फ्लोट पत्र्याला टेकत नाही. बाजारात उंची आणि दांडी कमी-जास्त करता येणारी युनिटं मिळतात, पण घेताना ओहमची तऱ्हा तुमचीच आहे ना हे काउंटरवर मीटर लावून बघा. दांडी वाकवून माप जमवायचा मोह होईल. थोडीशी वाकवून जमतं, पण पंधरा सेंटिमीटरची तूट वाकवून भरत नाही, आणि वाकवलेली दांडी आतल्या आडव्या पत्र्यात अडकली तर काटा एका जागी ठप्प. जुनं युनिट परत मिळालं, त्याची पट्टी आणि फ्लोट ठीक निघाले, तर तेच परत लावा. ते पूर्वी चाळीस लिटरपर्यंत खाली दाखवत होतं, त्या टाकीसाठी कुणीतरी डोकं लावून निवडलेलं दिसतंय. शिवाय ते चाळीस लिटर खराब अर्थिंगवरचे. अर्थ नीट झाल्यावर डिझेल आणखी खाली गेल्यावरच काटा शून्य दाखवेल, त्यामुळे "शून्यानंतर चाळीस" ही सवय आधी मोडा. पॅकिंग नायट्राइल रबराचं किंवा कॉर्कचं घ्या. साधी सिलिकॉन पेस्ट डिझेलमध्ये फुगते आणि तिचे तुकडे सक्शनच्या (इंजिनकडे डिझेल ओढणाऱ्या पाइपच्या) जाळीत जाऊन बसतात.

मीटर मी शेवटी ठेवलंय कारण तुमच्या लक्षणांत ते दोषी दिसत नाही. तरी तपासायचं तर युनिटच्या जागी ओळखीचे रेझिस्टन्स लावून बघतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ३३, १०० आणि २४० च्या आसपासचे रेझिस्टर मिळतात, एक-दोन वॉटचे घ्या. टाकीवरच्या कप्लरमध्ये ३३ लावला की फुल, १०० ला निम्म्याच्या जवळ, २४० ला शून्य. तिन्ही बरोबर आले तर मीटर आणि वायरिंग दोन्ही पास, दोष टाकीत. जुन्या, तापून वाकणाऱ्या पट्टीच्या मीटरमध्ये एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला तर डिझेलचा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदम चुकतात. एकटा डिझेलचा चुकत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

सकाळी काटा खाली, याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. डिझेल दर अंशाला हजार लिटरमागे साधारण ०.८३ लिटरने फुगतं किंवा आकसतं. दिवसभर चालून आलेल्या गाडीत रिटर्नचं डिझेल टाकी तापवतं. ४०० लिटर डिझेल रात्रीतून १५ अंशांनी निवलं तर पाच लिटर "कमी" होतं. कुणी काढलेलं नसतं. ४०० लिटरच्या मीटरवर काट्याची स्वतःची जाडीच आठ-दहा लिटरची असते. त्यात गाडी रात्री एका बाजूला कललेल्या साइडपट्टीवर किंवा उतारावर उभी असेल तर आणखी फरक. ढाब्यावर पाइप टाकून डिझेल काढणारी टोळी पाच लिटरसाठी येत नाही, तीस-चाळीस लिटरचा कॅन भरून नेते. तेवढी तूट काठीवर स्वच्छ दिसते. म्हणून रात्री गाडी लावल्यावर ड्रायव्हरनेच काठी बुडवायची, आकडा आणि किलोमीटर वहीत लिहायचे, सकाळी निघताना परत. तुम्ही असाल तेव्हा दोघांनी मिळून. ही वही ड्रायव्हरला अपमानाची वाटत नाही, उलट बहुतेकांना हवीच असते, कारण काट्यावरून शिव्या खाऊन ते कंटाळलेले असतात. अॅव्हरेज काढायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर, तसंच लोड धरून. एका फेरीवरून निकाल लावायचा नाही.

जीपीएसवाला मोबाइलवर लिटर दाखवतो, ते लावलं तर भागेल का, हेही तुम्ही विचारलंय. आधी त्याला विचारा की लिटर मोजतो कशाने. स्वतःचा रॉड टाकीत टाकणार नसेल तर तो तुमच्याच युनिटच्या वायरवरून किंवा गाडीच्या कॅन लाइनवरून (गाडीतल्या कंप्युटरांना जोडणारी वायर) आकडा उचलतो. म्हणजे काट्याची चूक तीच, फक्त मोबाइलवर दशांशासकट दिसते, आणि दशांश दिसला की मालकाचा विश्वास बसतो. कपॅसिटिव्ह रॉड (डिझेलच्या विजेच्या गुणावरून पातळी मोजणारा) चांगला, पण तो टाकीच्या खोलीला कापून टाकीच्या मध्यावर बसवावा लागतो, आणि वीस-वीस लिटर ओतत तक्ता भरावा लागतो. तक्ता न भरता दिलेला रॉड घेऊ नका. टाकीच्या तळाला पाणी साचलं तरी रॉड भरकटतो, पाण्याचे विजेचे गुण डिझेलपेक्षा फार वेगळे असतात.

काम पूर्ण होईपर्यंत टाकी पावच्या खाली नेऊ नका, काठीप्रमाणे पाव. लाल दिव्यावरही अवलंबून राहू नका. काही गाड्यांत दिव्याचा सेन्सर वेगळा असतो, काहींत तो काट्याच्याच आकड्यावर लागतो. सक्शन पाइप तळापासून वर असतो, त्यामुळे शेवटचं थोडं डिझेल इंजिनला मिळतच नाही. जुन्या गाडीत एअर पकडली तर हातपंपाने काढून पुढे जाता येतं, वेळ जातो एवढंच. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप मात्र डिझेलनेच वंगण घेतो, कोरडा फिरला की आतून ओरखडे पडतात.

काट्यात शेवटी थोडी तफावत उरली तर कुणीतरी लाइनमध्ये एक रेझिस्टर टाकून "सेट करून" द्यायला येईल. नको. एका टोकाला जमवलेलं दुसऱ्या टोकाला बिघडतं, आणि पुढच्या वायरमनला तो टेपखाली दडलेला रेझिस्टर सापडेपर्यंत दिवस जातो. त्यापेक्षा काठीच्या खुणांवरून कागदावर लिहा, काटा पाऊणला इतके लिटर, निम्म्याला इतके, पावला इतके, लाल पट्टी सुरू होते तिथे इतके, आणि तो कागद लॅमिनेट करून सनव्हायजरला लावा. ड्रायव्हर बदलला तरी कागद गाडीत राहतो.

आधी अर्थची वायर आणि कप्लर करा, ते तासाभराचं काम. त्यानंतर टाकीची आतली खोली, जुन्या युनिटचे दोन्ही टोकांचे ओहम आणि नवीन युनिटचा फ्लोट तळापासून किती वर थांबतो, एवढं मोजून कळवा. कुठल्या मापाचं युनिट मागवायचं ते त्यावरून सांगता येईल, की जुनंच परत बसवायचं तेही.